पिवळट पांढरा

रंगकाम संपलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू विरजणासाठी वाटी घेऊन आल्या. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, उभ्या राहिल्या, वर पाहिलं, खाली पाहिलं, मग माजघरात डोकावल्या, तिथून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "काहून वो सूनबाई, पैसे सरले का? नुसतं अस्तरच मारून ठेवलं. रंग कव्हा मारता?" बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच काळजी होती. यंदा सोयाबीनने काय हाल केले ते अख्ख्या गावाला माहीत आहे, त्यामुळे काम अर्ध्यात थांबलं असेल असं त्यांना वाटणं साहजिकच होतं. मी म्हटलं, काकू, हाच रंग आहे. त्यांनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं, तळहात टेकवून पाहिला, "हो का, बरं हाय नं मंग," म्हणाल्या आणि विरजण घेऊन गेल्या.

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. शाळेत मुलांना गणितं घालून दिली आणि मी खिडकीशी उभी राहून मनातल्या मनात काकूंना उत्तर देत होते, आणि एकही उत्तर धड जमत नव्हतं. कारण काकूंना जे दिसलं ते खोटं नाहीच. अस्तर पांढरं असतं, हा रंगही पांढऱ्यातलाच, थोडा पिवळटपणा आहे तो सवय नसलेल्या डोळ्याला कळतही नाही. मग एवढा खर्च करून, दुकानातली ती शेकडो रंगांची जाडजूड बुकं बाजूला सारून मी हाच का धरून बसले, आणि तोही सगळ्या घराला?

हा प्रश्न मला आधी पेंटरनेही विचारला होता. तो आमच्या गावातलाच, हात चांगला आहे त्याचा. म्हणाला, "ताई, पुऱ्या घराले एकच? हॉलले तरी एक हायलाइट भिंत घ्या. पोरीच्या खोलीले जांभळा घ्या नाही तं गुलाबी घ्या. लोकं मले बोलतीन की पेंटरले काही समजतच नाही म्हणून." पोरीला मिंट ग्रीन हवा होता, तिची समजूत पडद्यावर निघाली. सासूबाईंना देवघर पिवळं हवं होतं. आमच्या ह्यांचं म्हणणं एवढंच की जो काही मारायचा तो धुता येईल असा मारा. पण मी हटले नाही, आणि मी सहसा अशी हटून बसणारी बाई नाही.

आमचं घर एकदम बांधलेलं नाही, ते वाढत गेलेलं घर आहे. मधलं माजघर सगळ्यात जुनं, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. पुढची सपरी नंतरची, विटांची. मागच्या दोन खोल्या स्लॅबच्या, त्या आमच्या लग्नानंतरच्या. खोल्या जशा वाढल्या तसे रंगही वाढले, आणि रंग कधीच घर म्हणून ठरला नाही, प्रसंग म्हणून ठरला. मोठ्या दिरांच्या लग्नात सपरी पोपटी झाली. नणंदेच्या लग्नात बाजूची खोली गुलाबी. स्वयंपाकघराला आकाशी ऑइलपेंट, कारण तेव्हा तेलकट डाग पुसता येतात म्हणून सगळ्यांनी तोच मारला होता. देवघर पिवळं. मागच्या खोल्या फिकट जांभळ्या आणि त्यात एक भिंत मरून, त्या वेळी ती फॅशन होती. वाटण्या झाल्या तेव्हा कुठली भिंत कोणाची हे रंगावरूनच सांगता यायचं, आणि मोठे दीर वर्ध्याला गेल्यावर त्यांची बाजू आमच्याकडे आली तरी माझ्या मनात ती कित्येक वर्षं "त्यांची पोपटी बाजू"च राहिली. तिथे मी झाडून घ्यायचे, पाहुणे बसवायचे, पण स्वतः निवांत बसल्याचं आठवत नाही. खोलीतून खोलीत जाताना डोळ्याला दर वेळी उंबरठा ओलांडावा लागायचा. घर लहान, त्यात इतके तुकडे.

जुने रंग खरवडायला घेतले तेव्हा मात्र पोटात कालवलं.

सपरीच्या भिंतीवर पत्रा फिरला की पोपडे सुटायचे, तळहाताएवढे, आणि त्यांच्या कडेवर सगळे थर ओळीने दिसायचे. वर पोपटी, त्याखाली पिस्ता, मग डिस्टेंपरचा गुलाबी जो बोटाला पावडर होऊन लागतो, मग चुना, चुन्यावर चुना, दर पोळ्या-दिवाळीचा एकेक हात, नीळ टाकलेला म्हणून किंचित निळा. माजघराच्या बाजूला तर चुन्याखाली छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा थर होता आणि त्याखाली कुडाकाड्या मिसळलेली मूळची माती. सासूबाई खुर्ची टाकून समोरच बसल्या होत्या, डोळ्यावर पदर, धुळीने खोकत होत्या तरी उठेनात. "हा पिस्ता तुह्या सासऱ्याले पयल्यांदा कपाशीत पैसे राहिले तव्हाचा. गावात आपल्याकडंच पयल्यांदा पिस्ता आला होता, लोकं पाहाले यायचे." मग बाजूच्या खोलीतून आलेल्या गुलाबी पोपड्यावर बोट ठेवून नुसत्याच पाहत राहिल्या. नणंद आता नाही. मी पेंटरला म्हटलं चहा घे, थोडं थांब. तो थांबला, चहा झाला, आणि मग तो गुलाबीही निघाला, कारण त्याच्यावर नवीन रंग धरलाच नसता. मी एकच रंग मागत होते तेव्हा हेही मागत होते की एवढं सगळं त्याच्याखाली जावं, हे मला तेव्हा नीट जाणवलं. तरी मी थांबवलं नाही. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या, नणंदेच्या रंगाचं वाईट वाटणं आणि तो भिंतीवर नको असणं.

रंग घ्यायला हिंगणघाटला गेलो. शेडकार्डात नुसत्या पांढऱ्यांचीच पानंच्या पानं होती, नावं सगळी विलायती, आणि शेजारी शेजारी ठेवले की कोणी निळ्याकडे झुकलेला, कोणी हिरव्याकडे, कोणी गुलाबीकडे. एकटा पाहिला की प्रत्येक जण पांढराच. मी विज्ञान शिकवते म्हणून मला या मशीनचं भारी कुतूहल. दुकानदाराने नंबर टाकला, पांढऱ्या बेसचा डबा खाली सरकवला, आणि वरून आधी पिवळ्याची दोऱ्याएवढी धार पडली, मग तांबड्याचं थोडंसं, आणि शेवटी काळा. काळा पडला तेव्हा मी दचकले. म्हटलं भाऊ, हे काय? तो म्हणाला, "मॅडम, काळा थोडा लागतेच. नुसता पिवळा टाकला तं भिंत पिवळी दिसते, अन् काहीच नाही टाकलं तं डोळ्याले टोचते." मग झाकण ठोकून डबा दुसऱ्या मशीनमध्ये घातला आणि तो गदागदा हलला, उघडून पाहिलं तर त्या तिघांचा कुठे मागमूस नाही, एकसारखा मऊ पांढरा.

घरी येताना गाडीत तेच डोक्यात. डब्यातला मूळ पांढरा असतो टायटॅनियम डायऑक्साइडचा, तो इतका उजळ की आपल्या आज्यांनी भिंतीवर असला पांढरा कधी पाहिलाच नसणार. आणि त्याला शांत करणारा पिवळा आणि तांबडा म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. आता ते कारखान्यात करतात, पण पदार्थ तोच, पिवडीतला आणि गेरूतला. म्हणजे अंगणाच्या कडेला आपण ज्या गेरूचा पट्टा ओढतो तोच चिमूटभर या महागड्या डब्यात आहे. भिंत किती उजेड परत देते याचाही एक आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात, काळ्याकुट्टाला 0 आणि पूर्ण पांढऱ्याला 100. असले पिवळट पांढरे साधारण 70 ते 85 च्या मध्ये कुठेतरी बसतात. आमच्याकडे हे महत्त्वाचं आहे, कारण मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की सकाळी दहालाच खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि मग दुपारभर घर अंधारात. आतल्या रंगाने घर थंड होत नाही, त्यासाठी गच्चीवर चुना मारावा लागतो, पण दाराच्या फटीतून आलेला जो थोडका उजेड असतो तो पोपटी भिंत खाऊन टाकायची आणि ही भिंत पुढच्या खोलीत पाठवते. दुपारी लाइट न लावता गहू निवडता येतात आता.

सगळीकडे मारायच्या आधी प्रत्येक खोलीत हातभर चौकोन रंगवून ठेवला होता. कुणी रंगवणार असेल तर एवढं मात्र नक्की करा. एकच डबा, एकच ब्रश, आणि खोलीगणिक वेगळा रंग. सपरी पूर्वेला आहे, तिथे सकाळी तो चौकोन जवळजवळ सोनेरी व्हायचा आणि अकरा वाजता साधा पांढरा. पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारनंतर इतका पिवळा की सासूबाई म्हणाल्या हाच देवघराला पाहिजे होता मला. माजघराला उत्तरेची एकच खिडकी, तिथे दिवसभर शांत, थोडा राखाडी. आणि स्वयंपाकघराबाहेर निंब आहे, त्याची सावली आत येते, म्हणून तिथे हिरवट. रात्री तर निराळंच. आमच्याकडे सगळीकडे तेच पांढरेफक एलईडी, खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेले, त्यांच्या उजेडात रंगातली ऊब सगळी गेली, भिंत आजारी दिसायला लागली. मी 3000 वाले बल्ब आणून लावले तर भिंत परत जिवंत झाली, पण ह्यांना त्या उजेडात पेपर वाचता येत नाही, पोरीला अभ्यास होत नाही. शेवटी अभ्यासाच्या टेबलावर पांढरा राहिला आणि बाकी घर पिवळ्या उजेडात. त्या कोपऱ्यातली भिंत रात्री अजूनही निळसर दिसते आणि मला ती अजूनही खटकते.

एक रंग म्हणजे एकसुरी घर होईल अशी भीती सगळ्यांनी घातली होती, त्याचं उत्तर मला या चौकोनांनी दिलं. आणि खरं तर त्याच्याही आधी सेवाग्रामने. शाळेची सहल नेली की बापू कुटीत मुलं दोन मिनिटांत कंटाळतात, मी मात्र भिंतीजवळ रेंगाळते. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी तिथे मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं उठावात केली आहेत, ज्या रंगाची भिंत त्याच रंगाची झाडं. समोरून पाहिलं तर पटकन दिसतही नाहीत, बाजूने उजेड आला की खोड दिसतं, पानं दिसतात. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं, आजूबाजूची माती, आजूबाजूचं लाकूड-बांबू आणि गावातलेच हात एवढ्यावर तिथली घरं उभी राहिली. त्या कुटीत एकही भिंत मला कंटाळवाणी वाटलेली नाही. उजेडाला काम करायला जागा लागते, असं काहीतरी मला तिथे दर वेळी वाटतं.

माजघराची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे दुकानातला डबा चालणार नव्हता. मातीच्या भिंतीत ओल येते-जाते, तिच्यावर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात पापुद्रे सुटतात, लोणा धरतो. कूलरच्या खिडकीखाली आमच्याकडे हे होऊन चुकलंय. तिथे चुनाच पाहिजे. पण आता चुना मारणार कोण? पेंटर म्हणाला, माह्या बुढ्याले येते. त्याचे वडील आले, सत्तरी पार केलेले, धोतर, खांद्यावर दुपट्टा, आणि आल्या आल्या माझ्या भिंतीवरच्या त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं तेही आता अस्तरच म्हणतील. ते म्हणाले, "पिवडी आना. लय नाही, मुठीएवढी."

कळीचा चुना वणीकडचा. लोखंडी पिंपात ढेकळं टाकून त्यांनी पाणी सोडलं आणि सूंऽऽ आवाज करत पिंप उकळायला लागलं, वाफ, तो घशाला झोंबणारा वास, मी पोरीला मागे ओढलं आणि ते आजोबा मात्र लांब काडीने ढवळत शांत उभे. मग झाकून ठेवला, मुरू दिला. पिंप उघडलं तेव्हा खाली लोण्यासारखा चुना बसला होता. तो जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, भिजवलेला डिंक घातला, आणि मग पिवडी. पिवडी त्यांनी थेट टाकली नाही, वाटीत कालवून, फडक्यात बांधून, ती पुरचुंडी चुन्यात बुडवायची, दाबायची, काढायची. प्रत्येक वेळी दाराच्या मागे भिंतीवर बोटभर रेघ ओढायची आणि "थांबा, वाळू द्या." ओला चुना काहीच सांगत नाही, भिंतीवर लावला की पाण्यासारखा आरपार दिसतो, वाळत जातो तसा पांढरा होत जातो. आपल्याला वाटतं फार पिवळा झाला, आणि वाळल्यावर पिवळा नावालाही उरत नाही. दारामागे अशा रेघांची ओळ लागली. मशीनने नंबरावर जे क्षणात केलं ते हा माणूस डोळ्याने करत होता, मान तिरकी करून, दुकानातल्या डब्याशी जुळवत, आणि दुपार कलली तेव्हा एका रेघेवर बोट टेकवून म्हणाले, "हे तुमचं."

जुळलं का? जवळजवळ. सपरीतून माजघरात जाताना चौकटीपाशी सकाळी नीट पाहिलं तर फरक दिसतो. इमल्शनची, म्हणजे डब्यातल्या रंगाची भिंत सपाट आहे, चुन्याची भिंत आतून उजळलेली, कुठे दाट कुठे विरळ, कुंच्याचे फटकारे दिसतात. पेंटरला तो फरक खटकतो, तो म्हणतो ताई पुढच्या वेळी माती पाडून प्लास्टर करून घ्या. मी मुलांना फळ्यावर शिकवते, चुनखडी भाजली की कळीचा चुना, पाणी घातलं की विरलेला चुना, आणि भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. समीकरण लिहून घेतात, पाठ करतात. वणीच्या खाणीतला तो दगड भट्टीतून, पिंपातून, फडक्यातून माझ्या माजघरात आला आणि माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा दगड होतोय, हे कळल्यापासून मी त्या भिंतीला येता-जाता हात लावते.

वणीकडचं माझं माहेर. तिकडे कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या, दोन्ही. घराबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर ट्रकांची काळी धूळ आणि घरात दर दिवाळीला बाबांच्या हातचा पांढरा चुना, आई त्यात नीळ टाकायची म्हणून आणखी पांढरा. म्हणजे आमच्या भिंती कधीच पिवळट नव्हत्या. मी स्वतःला हे बऱ्याचदा विचारलं की मग हा रंग मला इतका ओळखीचा का वाटतो, दुकानदाराने पान उलटलं आणि माझं बोट आपोआप तिथेच का गेलं. ते मला शाळेच्या खिडकीत उभी असताना कळलं, काकूंना उत्तर शोधत होते तेव्हा. तो रंग भिंतीचा नव्हता, कापसाचा होता. भाव नाही म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा, पुढच्या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत गंजी, आणि आम्ही भावंडं तिच्यावरच खेळायचो, झोपायचो. अंगाला खाज सुटायची, आई ओरडायची, खोबरेल लावायची, तरी रात्री परत तिथेच. सरकीचा तो उबदार तेलकट वास. हिवाळ्यातलं कोवळं ऊन खिडकीच्या उरलेल्या फटीतून त्या गंजीवर पडायचं आणि तिथून उठून सगळ्या खोलीभर व्हायचं, आईचा निळा-पांढरा चुनाही तेवढा वेळ पिवळट दिसायचा, आमचे चेहरेसुद्धा. तेवढे दिवस ती खोली घरातली सगळ्यात सुंदर खोली असायची.

आणि तोच कापूस बाबा बाजारात न्यायचे. एका वर्षी बोंडं फुटली आणि पाऊस आला. वेचून आणला, वाळवला, महिनाभर घरात ठेवला. मी गाडीवर बसून गेले होते हट्टाने. व्यापाऱ्याने गाडीत खोलवर हात घालून मूठभर कापूस काढला, उन्हात धरला, बोटांनी ओढला आणि म्हणाला, "पिवळा हाय." बस, एवढंच. भाव तिथेच तुटला. बाबांनी तीच मूठ परत घेऊन पाहिली, काही बोलले नाहीत, गाडी खाली करायला लागले. रुईचा नमुना प्रयोगशाळेत मशीनखाली जातो तेव्हा तिथेही रंगाचे दोनच आकडे काढतात, उजेड किती परत येतो तो आरडी आणि पिवळेपणा किती तो प्लस बी. मला हे पुढे कधीतरी वाचताना समजलं आणि शेडकार्डाच्या पानावर बोट टेकवल्यावर पुन्हा आठवलं. अगदी त्याच दोन गोष्टी, उजेड आणि पिवळेपणा. कापसात तेवढा पिवळेपणा आला की कास्तकाराचे पैसे कापतात, आणि भिंतीसाठी तोच पिवळेपणा मशीनने थेंब मोजून घालतात आणि त्याचे पैसे आपण मोजतो. मला हे अजून नीट पचलेलं नाही. रंग आवडतो आणि राग येतो, दोन्ही त्याच भिंतीकडे पाहून. बाबा येऊन गेले, सपरीत बसले, इकडेतिकडे पाहिलं, "उजेड चांगला पडते घरात," म्हणाले. मी त्यांना यातलं काही बोलले नाही.

काकूंचंही मला आता वेगळं दिसतं. त्यांचं अर्धं आयुष्य चुन्याच्या पांढऱ्यात गेलं, कारण चुना स्वस्त होता. पांढरी भिंत म्हणजे पैसे नसलेल्याची भिंत. पिस्ता, गुलाबी, आकाशी हे हाती चार पैसे आल्यावरचे रंग, आणि सासऱ्यांचा पिस्ता पाहायला आलेल्यांत काकूही असणारच. शहरातल्या फ्लॅटवाल्यांना आता पांढरट भिंती आवडायला लागल्या, मोबाइलवर तेच फिरतं, पण ज्याने रंग कष्टाने मिळवला त्याने तो काहून सोडावा? आमच्या गावात एक ओळ निळ्या घरांची आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीला निघायच्या आधी तिथे दर्शनी भिंतीवर नवा निळा हात बसतो. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर या भागात निळा हा नुसता घराचा रंग राहिलेला नाही, तो त्या दारात राहणाऱ्यांची मान आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथली, तिने एकदा घराचं चित्र काढलं आणि सगळ्या खडूंतून आधी निळा उचलला. त्या भिंतीपुढे उभं राहून पिवळट पांढऱ्याच्या गोष्टी सांगाव्यात असं मला कधीही वाटणार नाही. माझा रंग माझ्या घरापुरता.

आता घर त्याला लागायला लागलंय. सपरीत पुरुष मंडळी भिंतीला डोकं टेकून बसतात, तिथे डोक्याच्या उंचीवर तेलाचे गोल आत्ताच दिसायला लागले, साबणाच्या फडक्याने जातात, पुन्हा येतात. श्रावणात सासूबाईंनी जिवतीचा कागद लावला आणि हळदीकुंकवाची बोटं भिंतीला पुसली, पोपटीवर ती कधी उठून दिसली नव्हती, इथे लांबून दिसतात. त्या दिवसापासून देवघराच्या पिवळ्याचा विषय त्यांनी काढलेला नाही. आणि त्या पोपटी बाजूचं म्हणाल तर, जिथे मी कधी टेकत नव्हते, तिथे मी हल्ली वह्या तपासायला बसते. ती बाजू आहे कुठे आता, सपरी आहे नुसती. मोठ्या जाऊबाई दिवाळीच्या आधी येऊन गेल्या तेव्हा दारात थबकल्या, मला वाटलं आता काय बोलतात, तर सरळ आत जाऊन माजघरात फतकल मारून बसल्या आणि चहा मागितला.

बाहेरची भिंत अजून राहिली आहे. तिच्याबद्दल घरात एकमत नाही. पावसाळ्यात पागोळ्यांनी काळी माती उडते ती कमरेपर्यंत भिंतीवर बसते, तेव्हा खालचा हातभर पट्टा गेरूचाच राहणार हे नक्की, त्यावर वाद नाही. वरचं काय ते ठरत नाही. ह्यांना बाहेर राखाडी हवा, घाण दिसत नाही म्हणतात. पोरीला अजूनही मिंट ग्रीन. सासूबाई म्हणतात बाहेरून तरी लोकांना दिसू द्या की रंग मारला, पिस्ता घ्या. मला वाटतं पिस्ता घ्यावा. पेंटरला विचारलं तर तो बाहेरच्या रंगाचा वेगळा भाव सांगतो, आणि मागच्या खोलीत कापूस येऊन पडलाय, अजून विकायचा आहे, तो विकला की बघू.